साध्या कीबोर्डवरून लॅपटॉपचे टोन: स्टेजसाठी मिडीची भरवशाची जोडणी

घरातल्या कीबोर्डचा पियानो पातळ वाटतो, स्ट्रिंग्ज खोट्या वाटतात आणि बासरी तर ऐकवत नाही, म्हणून लगेच नवा महागडा कीबोर्ड घ्यायला धावू नका. कीज धड असतील तर आवाज लॅपटॉपमधून काढता येतो. कीबोर्ड आणि लॅपटॉप एकमेकांशी मिडी या पद्धतीने बोलतात. मिडीमधून आवाज जातच नाही, फक्त माहिती जाते: कोणती की दाबली, किती जोरात दाबली, कधी सोडली, पेडल खाली आहे की वर. ही पद्धत १९८३ पासून चालत आली आहे आणि तिचा गाभा बदललेला नाही. त्यामुळे कपाटावर धूळ खात पडलेला जुना कीबोर्डही आजच्या सॉफ्टवेअरला व्यवस्थित चालतो.

घरी हे अर्ध्या तासात जमतं. स्टेजवर मात्र गायक अंतऱ्यात असताना लॅपटॉप गोठला, तर रीस्टार्टला वेळ नसतो. म्हणून इथली सगळी जोडणी एकाच अटीवर सांगितली आहे: लॅपटॉप मध्येच बंद पडला तरी गाणं थांबता कामा नये. त्यासाठी कीबोर्डचा स्वतःचा आवाज पूर्ण कार्यक्रमभर आतून चालू ठेवायचा, त्याच गाण्याच्या टोनवर आणि त्याच पट्टीत, फक्त व्हॉल्यूम शून्यावर ठेवून.

कीबोर्ड चालेल का, ते आधी पाहा

मागच्या बाजूला ‘यूएसबी टू होस्ट’ लिहिलेलं पोर्ट हवं. ते बहुधा प्रिंटरच्या केबलचं चौकोनी पोर्ट असतं. काही लहान कॅसिओंना मायक्रो यूएसबी असतं. ‘यूएसबी टू डिव्हाइस’ हे पेन ड्राइव्हचं पोर्ट आहे, त्यातून लॅपटॉपला जोडता येत नाही. जुन्या कीबोर्डला यूएसबी नसेल पण पाच पिनांचं गोल ‘मिडी आउट’ असेल, तरी काम होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे टच. हळू दाबल्यावर हळू आणि जोरात दाबल्यावर जोरात वाजत नसेल, तर लॅपटॉपमधला कितीही चांगला पियानो निर्जीवच वाटेल. दुकानात सारखे दिसणारे दोन कीबोर्ड इथेच वेगळे पडतात. यामाहाच्या पीएसआर-ई२७३ ला टच नाही आणि संगणकाला जोडायचं पोर्टही नाही. ई३७३ ला दोन्ही आहेत. कॅसिओच्या सीटी-एस३०० ला टच आहे आणि पिच बेंडचं, म्हणजे वाजता सूर वर-खाली सरकवायचं चाकही आहे, जे ई३७३ ला नाही. बासरी, सितार, व्हायोलिन वाजवणाऱ्याला ते चाक फार लागतं. वापरलेला कीबोर्ड घेत असाल तर प्रत्येक की हळू, मध्यम आणि जोरात अशी तीनदा वाजवून पाहा. एखादीच की कायम जोरात वाजत असेल, तर तिच्याखालच्या रबराचा संपर्क बिघडलेला असतो.

केबल आणि ड्रायव्हर

यूएसबी केबल पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नका. दोन मीटरची पुरते. पाच पिनांच्या मिडी केबलची मर्यादा साधारण पंधरा मीटर आहे. मॅकवर बहुतेक कीबोर्ड जोडताच ओळखले जातात. विंडोजवर यामाहाच्या बऱ्याच कीबोर्डना यामाहा स्टाइनबर्ग यूएसबी ड्रायव्हर लागतो, कॅसिओचे बहुतेक कीबोर्ड ड्रायव्हरशिवाय चालतात. आयपॅड वापरायचा असेल तर चार्जिंगचीही सोय असलेला अडॅप्टर घ्या, नाहीतर मध्यंतरापर्यंत बॅटरी उतरते.

गोल पिनांवरून यूएसबीत बदलणारी अगदी स्वस्त केबल स्टेजसाठी नको. तिच्यात मधूनच एखादा संदेश गळतो. तो ‘की सोडली’ असा असेल तर सूर अडकतो आणि वाजतच राहतो. तिच्या टोकांवरचं ‘इन’ आणि ‘आउट’ही गोंधळात टाकतं: कीबोर्डच्या आउटमध्ये बहुतेक वेळा ‘इन’ लिहिलेलं टोक लागतं. काही वाजलं नाही तर टोकं उलटी करून पाहा, त्याने काहीही खराब होत नाही.

लॅपटॉपचं एकच यूएसबी पोर्ट ठरवा आणि त्यावर रंगीत टेप लावा. विंडोज पोर्ट बदलल्यावर पुष्कळदा तोच कीबोर्ड नवा समजतो आणि सॉफ्टवेअरमधली जोडणी विसरतो. कार्यक्रमाच्या दिवशी ‘कालपर्यंत चालत होतं’ म्हणण्याची वेळ येते ती बहुतेकदा यामुळेच. दुसरं कारण म्हणजे दुसरं एखादं सॉफ्टवेअर मागे उघडं राहणं. विंडोजवर अनेक ड्रायव्हर एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिडी देतात; रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालू असेल तर स्टेजच्या सॉफ्टवेअरला कीबोर्ड दिसणारच नाही.

ई३७३ सारख्या कीबोर्डमध्ये यूएसबीवरून आवाजही ये-जा करतो. त्यामुळे जोडताच लॅपटॉप कीबोर्डलाच स्पीकर समजू शकतो. घरी सरावाला ही सोय छान आहे, पण स्टेजवर सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आपला ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपचा आवाज मिक्सरकडे नेणारी बाहेरची डबी) निवडला आहे ना, ते डोळ्यांनी पाहून घ्या.

आवाज दोनदा येतो तेव्हा

जोडल्यावर एका कीवर दोन आवाज येतात: एक कीबोर्डचा, एक लॅपटॉपचा. जिथे तिथे यावर ‘लोकल ऑफ’ करा असं सांगितलं जातं. लोकल ऑफ म्हणजे कीज आणि कीबोर्डच्या आतलं आवाजाचं यंत्र यांचा संबंध तोडणं. स्टुडिओत ते बरोबर आहे. स्टेजवर आमचा सल्ला उलटा आहे: लोकल ऑनच ठेवा आणि कीबोर्डची व्हॉल्यूमची खुंटी शून्यावर आणा. ही मुख्य खुंटी शून्यावर असली तरी मिडी बाहेर जातच राहतं.

मग कीबोर्डच्या हेडफोन किंवा आउटपुटच्या जॅकमधून वेगळी केबल काढून मिक्सरच्या स्वतंत्र चॅनेलमध्ये द्या. जॅक लावला की आतले स्पीकर आपोआप बंद होतात. साऊंड चेकला दोन्ही आवाज जुळवून घ्या आणि कीबोर्डचा आवाज लॅपटॉपइतका भरतो त्या जागी खुंटीशेजारी टेपची खूण करा. साऊंडवाल्यांना सांगून ठेवा की हा चॅनेल मुका वाटला तरी बंद करायचा नाही.

लॅपटॉप गोठतो तेव्हा तो नेहमी गप्प होतो असं नाही. पुष्कळदा शेवटचा तुकडा भुंग्यासारखा घूं करत राहतो. म्हणून ऑडिओ इंटरफेस टेबलाखाली लपवू नका, त्याची मोठी खुंटी हाताला लागली पाहिजे. डाव्या हाताने ती खुंटी शून्यावर, मग त्याच हाताने कीबोर्डची खुंटी खुणेपर्यंत वर. उजवा हात पीस, म्हणजे गाण्यातला वाद्याचा तुकडा, वाजवतच राहतो. ही हालचाल तालमीत मुद्दाम करून पाहा, गाणं चालू असताना, कुणीतरी न सांगता लॅपटॉपची केबल काढून.

या पद्धतीत एक काळजी घ्यावी लागते. सॉफ्टवेअरच्या मिडी आउटपुटमध्ये तुमचा कीबोर्ड निवडलेला नसावा. असला तर सॉफ्टवेअर तेच सूर परत कीबोर्डला पाठवतं आणि आतल्या यंत्रात प्रत्येक सूर दोनदा वाजतो.

चॅनेल, ड्युअल आणि ऱ्हिदम

मिडीला १६ चॅनेल असतात. यामाहाच्या पीएसआर-ई मालिकेत मुख्य टोन चॅनेल १ वर जातो, ड्युअलचा (एकाच कीवर वाजणारा दुसरा टोन) २ वर आणि स्प्लिटचा (कीबोर्ड दोन भागांत वाटल्यावरचा) डावा भाग ३ वर. ऱ्हिदम बाहेर पाठवला तर तो ९ ते १६ वर जातो. सॉफ्टवेअर सगळे चॅनेल ऐकत असेल आणि कीबोर्डवर ड्युअल चालू राहिला असेल, तर लॅपटॉपला प्रत्येक सूर दोनदा मिळतो. आवाज अचानक जाड आणि पोकळ वाटू लागला तर आधी ड्युअलचं बटण पाहा. सॉफ्टवेअरला फक्त चॅनेल १ ऐकायला लावलं की ही कटकट संपते.

ऱ्हिदम कीबोर्डचा आणि उजव्या हाताचे टोन लॅपटॉपचे, अशी विभागणी ऑर्केस्ट्रात सर्रास लागते. तेव्हा मुख्य खुंटी शून्यावर ठेवता येत नाही, कारण ऱ्हिदमही बंद होतो. मुख्य टोनचा स्वतंत्र व्हॉल्यूम फंक्शनमध्ये जाऊन शून्य करावा लागतो. इथे एक फसगत आहे: त्या बदलाबरोबर मिडीवरून सीसी ७ (सीसी म्हणजे कंट्रोल चेंज, नियंत्रणाचा संदेश), म्हणजे चॅनेलचा व्हॉल्यूमही शून्य म्हणून बाहेर जाऊ शकतो आणि लॅपटॉपचा टोनही मुका होतो. सॉफ्टवेअरमध्ये येणारा सीसी ७ गाळून टाका. मिडी क्लॉक (लयीचे ठोके कळवणारा संदेश) आणि ऱ्हिदमचं आउटपुट लागत नसेल तर कीबोर्डच्या सेटिंगमधूनच बंद करा.

हाताला जाणवणारा उशीर

की दाबली आणि आवाज मागून आला तर कुणालाच वाजवता येत नाही. यात मिडीचा दोष फार थोडा असतो. गोल पिनांच्या केबलवरून एका सुराचा संदेश जायला सुमारे एक मिलिसेकंद लागतो. खरा उशीर ऑडिओ बफरचा, म्हणजे लॅपटॉप आवाज बाहेर सोडण्याआधी जमवून ठेवतो त्या तुकड्याचा असतो. ४८,००० हर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे ५.३, ५१२ चा म्हणजे १०.७. त्यावर ड्रायव्हरचा थोडा उशीर चढतो. स्टेज मॉनिटर दोन मीटरवर असेल तर हवेतून येतानाच आणखी सहा मिलिसेकंद जातात. १२८ वर सुरुवात करा. तडतड ऐकू आली तर २५६ वर जा. ५१२ पॅडसाठी, म्हणजे मागे लांब धरून ठेवलेल्या सुरांसाठी चालेल, पण जलद पीससाठी नाही.

विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी ठेवणारा ड्रायव्हर) असलेला ऑडिओ इंटरफेस घ्याच. फोकसराइट स्कारलेट सोलोसारखा साधा पुरतो. इंटरफेस नसेल तर एएसआयओ४ऑल वर लॅपटॉपच्या जॅकमधून तात्पुरतं काम निघतं. ब्लूटूथ स्पीकर किंवा हेडफोन सरावालाही नको.

तडतडीचं कारण दरवेळी लहान बफर नसतं. वायफाय आणि ब्लूटूथ बंद करा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, अपडेट थांबवा, चार्जर लावूनच वाजवा. एवढं करूनही तडतड राहिली तर लेटन्सीमॉन नावाचं मोफत सॉफ्टवेअर कोणता ड्रायव्हर आडवा येतो ते दाखवतं.

टोन बदलणं आणि पट्टी बदलणं

स्टेजसाठीची सॉफ्टवेअर अशी: मॅकवर मेनस्टेज, विंडोजवर कँटाबिले, दोन्हींवर गिग परफॉर्मर. कोणतंही घ्या, पण रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर स्टेजवर नेऊ नका. स्टेजच्या सॉफ्टवेअरमध्ये गाण्यांच्या क्रमाने टोन लावता येतात, आणि टोन बदलताना आधीचा लांबलेला सूर तुटत नाही. सगळे टोन कार्यक्रमाआधीच मेमरीत चढलेले असावेत. मोठ्या सॅम्पल लायब्ररीला (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या संचाला) एसएसडी आणि १६ जीबी रॅम असली की निवांत वाटतं. लॅपटॉप लहान असेल तर पियानोटेकसारखा गणितावर आवाज तयार करणारा पियानो मेमरीवर फार हलका पडतो.

कीबोर्डवर टोनचा नंबर निवडला की प्रोग्रॅम चेंजचा संदेश बाहेर जातो. त्याचा फायदा घ्या. कीबोर्डवर पियानो निवडला की सॉफ्टवेअरमध्ये त्या गाण्याचा पियानो यावा, स्ट्रिंग्ज निवडल्या की स्ट्रिंग्ज, अशी सांगड घाला. एका बटणात दोन्हीकडचा टोन बदलतो आणि खुंटी वर करायची वेळ आली तर आत योग्य टोन तयार असतो. काही सॉफ्टवेअर ० पासून मोजतात, काही १ पासून. शेजारचाच टोन येत असेल तर नंबर एकाने सरकवा.

पट्टीचं गणित जास्त नाजूक आहे. पीस पांढरी एकमध्ये बसवला आहे आणि गायिकेने ऐनवेळी काळी चार मागितली, तर ट्रान्सपोज (सगळे सूर अर्धस्वरांनी वर-खाली सरकवणं) +८ किंवा −४ करावा लागतो. बासरी आणि व्हायोलिनला −४ बरा, कारण +८ ला ती किंचाळतात. पण हा ट्रान्सपोज करायचा कुठे? सॉफ्टवेअरमध्ये केला आणि लॅपटॉप गेला, तर कीबोर्डची खुंटी वर केल्यावर पीस पांढरी एकमध्ये वाजेल आणि गायिका काळी चारमध्ये गात असेल. म्हणून आधी तपासा. सॉफ्टवेअरच्या मिडी मॉनिटरमध्ये मधला सा, म्हणजे मिडल सी, ६० दिसतो. कीबोर्डचा ट्रान्सपोज +२ करून तीच की दाबा. ६२ दिसलं तर कीबोर्ड बदललेला सूरच बाहेर पाठवतो; मग ट्रान्सपोज फक्त कीबोर्डवर करा आणि सॉफ्टवेअर शून्यावर राहू द्या. ६० च दिसलं तर दोन्हीकडे एकच आकडा टाका. न तपासता दोन्हीकडे टाकला तर पट्टी दुप्पट सरकते आणि ते पहिल्या सुरालाच सभागृहाला कळतं.

की दाबलेली असताना ट्रान्सपोज बदलू नका. दाबताना ६० गेला आणि सोडताना ६२ चा संदेश गेला, तर ६० ला कुणीच थांबवत नाही. अडकलेल्या सुरासाठी एखाद्या बटणाला पॅनिक जोडून ठेवा. ते सीसी १२० आणि १२३ पाठवून सगळं गप्प करतं.

हार्मोनियम, मींड आणि पेडल

सुगम संगीतात लॅपटॉपवरची हार्मोनियम सर्वात जास्त फसते, आणि त्याचं कारण टच आहे. खऱ्या पेटीत की किती जोरात दाबली याला महत्त्व नसतं, आवाज भात्यावर अवलंबून असतो. म्हणून या एका टोनसाठी सॉफ्टवेअरमध्ये टच बंद करा, म्हणजे प्रत्येक सूर १०० च्या आसपास एकाच दाबाने जाईल. आवाजाचा चढउतार सीसी ११ वर, म्हणजे एक्स्प्रेशनवर द्या. सीसी ७ नको, तो मिक्सरमधली पातळी ठरवायला राखून ठेवा. कीबोर्डला एक्स्प्रेशन पेडलची जागा नसेल तर कॉर्गच्या नॅनोकंट्रोल२ सारखी स्लायडरची पट्टी यूएसबीने जोडा आणि तिचा एक स्लायडर सीसी ११ ला लावा. पेटीवाल्याचा डावा हात भात्यावरच असतो. तोच हात स्लायडरवर ठेवला की ओळीचा श्वास परत येतो. स्लायडर पूर्ण शून्यापर्यंत न जाता ४० च्या खाली उतरणार नाही अशी मर्यादा घाला, म्हणजे ओळीच्या शेवटी सूर गायब होणार नाही.

पिच बेंडचं चाक फक्त आपली जागा कळवतं. किती सूर सरकायचा हे टोन ठरवतो. बहुतेक टोन वर-खाली दोन अर्धस्वर सरकतात आणि बासरीच्या मींडेला तेवढं पुरतं. मोठी मींड हवी म्हणून रेंज १२ करू नका, चाक केसभर हललं तरी सूर बेसूर होतो.

सस्टेन पेडल उलटं वागत असेल, म्हणजे पाय काढल्यावर सूर लांबत असेल, तर कंपन्यांच्या पेडलची तार उलटसुलट असते हे त्याचं कारण. अनेक कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती वाचतात. त्यामुळे पेडल आधी लावा, त्यावर पाय नसताना कीबोर्ड चालू करा. पेडलवर उलटसुलट करायचं बटण असेल तर उत्तम.

मंडपातली वीज आणि घूं

लॅपटॉपचा चार्जर लावला की घूं येते आणि काढला की जाते, तर तो अर्थिंगचा फेरा आहे. तीन पिनांच्या प्लगची अर्थ पिन तोडून ही घूं घालवणं जिवावर बेतू शकतं. कुणी सुचवलं तरी करू नका. इंटरफेस आणि मिक्सरच्या मध्ये ग्राउंड लिफ्ट (आवाजाच्या केबलमधली अर्थची जोडणी तोडणारं बटण) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे मधला जोडणीचा डबा लावा, आणि लॅपटॉप, कीबोर्ड, इंटरफेस एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. जनरेटरवर वाजवायचं असेल तर तो बोर्ड लहान यूपीएसवर ठेवा. लाईन जाऊन येते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर तगतो, पण अडॅप्टरवरचा कीबोर्ड बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि मिडीची जोडणी तुटते. कीबोर्डमध्ये बॅटरीचे सेल बसत असतील तर ताजे घालून ठेवा. दुसऱ्याचा अडॅप्टर घेताना व्होल्टेज आणि पिनेची धन-ऋण दिशा छापील चिन्हावरून जुळवा.

मंडपातली साऊंड सिस्टिम पुष्कळदा मोनो असते. हेडफोनमध्ये भव्य वाटणारा स्टिरिओ पियानो मोनोत पोकळ होतो. टोन निवडतानाच सॉफ्टवेअर मोनो करून ऐका.

कार्यक्रमाच्या दिवशी

आधी सगळ्या केबल लावा, यूएसबी केबलचा एक वेढा स्टँडला वेल्क्रोने बांधा, म्हणजे पाय अडकला तरी पोर्ट निखळणार नाही. मग कीबोर्ड चालू करा, त्यानंतर इंटरफेस, मग लॅपटॉपवरचं सॉफ्टवेअर. काही सॉफ्टवेअर फक्त उघडतानाच उपकरणं मोजतात. स्पीकर सर्वात शेवटी चालू आणि सर्वात आधी बंद. कीबोर्ड बंद करून चालू केला की ट्रान्सपोज, टच, ड्युअल अशी बरीच सेटिंग मूळ जागी जातात, ती पुन्हा तपासा. यादीतल्या प्रत्येक गाण्याचा टोन एकदा वाजवा, आणि प्रत्येक टोनवर कीबोर्डची खुंटी क्षणभर खुणेपर्यंत वर करून दोन्ही आवाज एकाच पट्टीत आहेत ना, ते कानाने ऐका.